सोप्यातला जुना स्पीकर आणि कराडहून आलेली जोडी

मी एक जुना लाकडी स्पीकर आहे, आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो की माझा स्वभाव काही चांगला नाही. शाळेच्या निबंधांत आपली जीवनकहाणी सांगणारे वर्गातले फळे, छत्र्या, वडाची झाडे वगैरे मंडळी फार सोशीक असतात. माझ्या अंगात तो सोशीकपणा नाही. मला हेवा वाटतो, आणि तो कुणाचा व का, हेच मी तुम्हांला सांगणार आहे.

माझा जन्म पलूसला अर्जुना सुताराच्या दुकानात झाला. माझा मालक आकाराम तेव्हा फौजेत होता. सुटीवर येताना त्याने एक टेपरेकॉर्डर आणला, पण त्याचा आवाज अगदीच चिरका. मग त्याने सांगलीहून आवाज काढणारा ताटाएवढा कागदी पडदा विकत आणला आणि अर्जुनाला म्हणाला, "ह्याला एक चांगलं घर करून दे." अर्जुनाकडे एका सागवानी दाराच्या फळ्या उरल्या होत्या. त्यांचा त्याने खोका केला, पुढे भोक पाडले, पडदा बसवला आणि बोटांनी माझी पाठ वाजवून पाहिली. "आता बोलंल ह्यो," एवढेच तो म्हणाला. त्या दिवसापासून मी बोलू लागलो.

आणि काय बोललो म्हणून सांगू! घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या बैठकीच्या खोलीत, दारासमोरच्या फळीवर माझी जागा होती. बेंदराच्या सणाला बैल सजवून दारात यायचे तेव्हा मी वाजायचो. आकारामच्या थोरल्या मुलाची, लालासाहेबाची हळद माझ्या आवाजात लागली, धाकट्या तानाजीचीही. गल्लीत कुणाचे बारसे असले की पाहुण्यांच्या आधी मला न्यायचे. उसाच्या फडातून दमून आलेली माणसे उंबऱ्यावर टेकायची आणि म्हणायची, "आवाज कसा छातीत बसतोय बघ गड्या." हे वाक्य ऐकायची मला इतकी सवय झाली की ते माझे नावच असावे असे मला वाटू लागले.

दिवस तसेच राहत नाहीत. आकाराम फौजेतून घरी आला, म्हातारा झाला, सगळे त्याला आबा म्हणू लागले. मुलांच्या चुली वेगळ्या झाल्या. घर तेच राहिले, पण सोप्याच्या उजवीकडची खोली लालासाहेबाची आणि डावीकडची तानाजीची झाली. सोपा तेवढा आबांचा आणि त्यांच्या बायकोचा, बनुबाईचा. माझा पडदा एका उंदराने कडेने कुरतडला आणि माझ्या आवाजात खरखर शिरली. कुणीतरी माझ्या तोंडावर विणलेला रुमाल टाकला. नवरीच्या डोक्यावर पदर असतो तो मानाचा, पण माझ्या तोंडावरचा रुमाल माझी खरखर झाकायला होता, हे मला चांगले कळत होते.

मग एके दिवशी लालासाहेबाची मुलगी शिवांजली सुटीला घरी आली. ती कराडला इंजिनिअरिंगला आहे. आबा मोबाइल कानाला लावून त्याच्यावर लोकगीते ऐकत बसलेले तिने पाहिले आणि बाप-चुलत्यांसमोर विषय काढला. दोन्ही भावांनी मिळून आबांसाठी नवे स्पीकर घ्यायचे ठरले. फार भारी नकोत, अगदी हलकेही नकोत, छोटे, सोप्यात मावतील असे.

"आणि हा जुना?" तानाजीची बायको संयोगिता हिने विचारले.

"माळ्यावर," तानाजी म्हणाला.

मित्रांनो, आमच्या घराच्या माळ्यावर एकदा गेलेली वस्तू खाली आलेली मी पाहिलेली नाही. तिथे तुटकी मोट आहे, पाळणा आहे, एक घंगाळ आहे. मला तिथे जायचे नव्हते. माझे सगळे दुःख आणि सगळा राग या एका शब्दाभोवतीच फिरत होता.

पण आबांनी एक अट घातली. नवे घ्यायला जाताना जुना बरोबर न्यायचा. "बांगड्या भरायला जाताना जुनी बांगडी मापाला नेत्यात का न्हाई? तसं. माझ्या कानाला ह्याची सवय हाय." शिवांजली हसली, पण आबांपुढे कुणाचे काही चालत नाही. मला पोत्यात घातले, एसटीत आबांच्या मांडीवर बसवले आणि कराडला नेले. स्वतःच्या जागी येणारी सवत निवडायला मी स्वतः निघालो होतो.

दुकानात किती म्हणून जोड्या होत्या! सगळ्या काळ्याभोर, गुळगुळीत, माझ्या अर्ध्यापेक्षा लहान. दुकानदाराने मला काउंटरवर ठेवले तेव्हा माझ्या अंगावरचे पोत्याचे धागे त्याने फुंकून उडवले. आबांनी त्यांचे आवडते जुने लोकगीत लावायला सांगितले. आधी मला वायर जोडली. "हे जुनं एकट्याचं आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून सोडतो," असे म्हणून दुकानदाराने एक खटका दाबला आणि मी गायलो. खरखरलो, पण गायलो.

मग एक एक जोडी वाजू लागली. पहिलीत धडधडच फार. आबा म्हणाले, "हे मिरवणुकीतलं हाय, घरातलं न्हवं." मला बरे वाटले. दुसरीचा आवाज इतका टोकदार की आबांनी कानात बोट घातले. मला आणखी बरे वाटले. शिवांजली भराभर फोनवर कायकाय वाचून दाखवत होती, पण दुकानदार म्हणाला, "ताई, वाचून काय होतंय? ऐका. आपल्या ऐकण्यातलं गाणं लावा, डोळे मिटा आणि माणसाचा गळा माणसाचा वाटतोय का बघा." तिसरी जोडी त्याने हातभर अंतर सोडून ठेवली, आबांना समोर मधोमध खुर्ची दिली आणि गाणे सोडले.

आबांनी डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत.

"गाणारा त्या अंगाला बसलाय," ते हळूच म्हणाले. "आन् ढोलकीवाला ह्या अंगाला. मी मधी बसलोय."

हे ऐकून माझ्या फळ्या जळाल्या. माझ्यातून आयुष्यभर गाणारा आणि ढोलकीवाला एकाच भोकातून एकमेकांना ढकलत बाहेर आले. कोण कुठे बसले आहे ते मी कधी आबांना दाखवू शकलो नाही, आणि या दोन टीचभर पोरींनी ते पहिल्या भेटीत दाखवले. मी आबांकडे पाहत होतो. असा चेहरा त्यांनी माझ्यासाठी शेवटचा कधी केला होता ते मला आठवेना.

तीच जोडी घेतली. आबा घरी परतले, शिवांजली सुटी संपल्यामुळे कराडलाच वसतिगृहावर राहिली, आणि म्हणूनच पुढचा घोळ झाला.

घोळ बनुबाईने केला. पण तिला बोल लावता येणार नाही. चुली वेगळ्या झाल्या त्या दिवशी तिने मनाशी ठरवले होते की आपल्या हातून कुणा एका मुलाला जास्त जायचे नाही. जे दोन येईल त्यातले एक उजवीकडे, एक डावीकडे. शेळीला दोन करडे झाली, तीही अशीच वाटली गेली. पाहुण्यांनी दोन नारळ आणले, एक इकडे, एक तिकडे. तिने खोके उघडले, आत सारखेच दोन स्पीकर पाहिले आणि तिचा निकाल तयार होता.

"दोगांनी मिळून घेतल्यात न्हवं? मग एक लालाच्या खोलीत, एक तानाजीच्या. वायर दारातनं घ्या."

"आवं, ते माझ्यासाठी आणल्यात," आबा म्हणाले.

"तुमी मधीच बसताय की. तुमाला दोनी बाजूनं ऐकू येतंय," बनुबाई म्हणाली. आबांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली.

जोडी फुटली, मित्रांनो. मला इतका आनंद झाला की तो लपवायला तोंडावरचा रुमालही अपुरा पडला. मला माळ्यावर न्यायला अजून कुणाला सवड झाली नव्हती. मी सोप्याच्या कोपऱ्यातून मजा बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी आपले लोकगीत लावले. लालासाहेबाच्या खोलीत गाणारा गाऊ लागला. तानाजीच्या खोलीत नुसतीच ढोलकी वाजू लागली. जुन्या गाण्यांत तशी रीतच होती, गळा एका बाजूला आणि वाद्ये दुसऱ्या बाजूला. पण हे संयोगिताला कुणी सांगावे? ती भाकरी थापता थापता थांबली, दोन गाणी ऐकली, तिसऱ्याला उठून जावेच्या दारात गेली. तिथे स्वच्छ गाणे चालले होते.

"व्हय हो ताई, तुमच्याकडं गाणं आन् आमच्याकडं नुसतं बडवणं?"

थोरली म्हणाली, "असंल तुमचा बिघडलेला."

"बिघडलेला आमालाच बरा आला."

दुपारपर्यंत बनुबाईने स्पीकरांची अदलाबदल करून दिली. वायरी मात्र होत्या त्याच खोल्यांत राहिल्या, त्यामुळे ढोलकीही जिथल्या तिथे राहिली. आता तर संयोगिताची खात्रीच पटली की काहीतरी कारस्थान आहे. संध्याकाळी तानाजी शेतावरून आला, त्याने ते ऐकून घेतले आणि भावापुढे उभा राहिला.

"दादा, पैसं बराबर घातलं न्हवं आपण? मग माझ्या वाट्याला गाणं का न्हाई?"

"मी काय गाणं कापून ठेवलं काय रं?"

"विहिरीच्या पाण्याच्या पाळीतबी असंच झालतं."

आता विहिरीचा इथे काय संबंध? पण हेव्याला संबंध लागत नाही, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक असणार? लालासाहेब पाठ फिरवून आपल्या खोलीत गेला, आणि तो असा निघून जातो तेव्हा गोष्ट वाईट असते. त्या घरात इतकी वर्षे चुली वेगळ्या होत्या, पण बोलणे वेगळे झाले नव्हते. त्या संध्याकाळी ते व्हायला आले होते. आणि खरे सांगतो, मला वाईट वाटले नाही. मला वाटले, आता जोडी परत जाईल.

तसेच झाले म्हणायचे. तानाजी म्हणाला, "नगं मला हे नवं. आपला जुनाच आणतो. त्येनं कवा असं केलं न्हाई." त्याने स्वतःच्या हाताने माझा रुमाल काढला, मला उचलून आपल्या खोलीत नेले, नवी काढून तिची वायर मला जोडली. संयोगिता हात पुसत बघायला आली. थोरलीही दारात आली. सगळे माझ्याकडे बघत होते. माझे पूर्वीचे दिवस एका क्षणात परत आले. मी ठरवले, आज असे गायचे की त्या नव्या जोडीला परत कराडची एसटी धरावी लागेल.

गाणे सुरू झाले. आणि माझ्यातून नुसती ढोलकी आली.

मी जीव मुठीत धरून वाट पाहिली. गळा येईल, आता येईल. आलाच नाही. दोन्ही बाजू एकत्र करणारा दुकानदाराचा तो खटका इथे कुणाला माहीत होता? माझ्यापर्यंत जे सोडले होते तेवढेच मी देऊ शकत होतो.

"ह्यातनंबी ढोलकीच येतीया," संयोगिता हळू आवाजात म्हणाली.

म्हणजे नवीत दोष नव्हता. लालासाहेबाने चांगली स्वतःकडे ठेवलेली नव्हती. साक्ष द्यायला मला आणले होते आणि मित्रांनो, मी साक्ष दिली ती माझ्या वैरिणीच्या बाजूने.

"मग गाणं जातंय कुठं?" तानाजीने विचारले.

"कुठं जातंय?" सोप्यातून आबांचा आवाज आला. "हितंच हाय की अख्खं. सकाळधरनं ऐकतोय. तुमी दोगं आपापल्या खोलीत बसून अर्धं अर्धं ऐकताय आन् भांडताय कशाला, तेच मला कळंना. या हितं, बसा."

दोघे भाऊ सोप्यात आले आणि आबांच्या दोन बाजूंना टेकले. उजवीकडच्या दारातून नव्या स्पीकरचा गळा येत होता, डावीकडच्या दारातून माझी ढोलकी. मधोमध गाणे पुरे होत होते. तानाजीने खाली मान घातली. तो म्हणाला, "दादा, विहिरीचं मी उगंच बोललो." लालासाहेबाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि गाणे संपेपर्यंत तो काढला नाही.

त्या एका गाण्यापुरता मी तिचा जोडीदार होतो. ज्या पोरीला मी कराडपासून शिव्या घालत आलो, तिच्या गळ्याला मी ठेका धरला. आणि आबा काय म्हणाले सांगू? म्हणाले, "ढोलकी मातर जुन्याचीच. छातीत बसतीया."

इथेच थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण खरखर ती खरखरच. दुसऱ्या दिवशी शिवांजलीला फोन लावला, तिने डोक्यावर हात मारला असणार, आणि तिने सांगितल्याप्रमाणे जोडी सोप्यात आणली गेली, आबांच्या कानाच्या उंचीला, मध्ये अंतर सोडून. बनुबाईने आयुष्यात पहिल्यांदा दोन वस्तू एकत्र राहू दिल्या. एकीसाठी कोनाडा मिळाला. दुसरीसाठी त्या उंचीचे काही सापडेना. तानाजी माळ्याची शिडी लावून मला न्यायलाच आला होता. आबांनी त्याला थांबवले, मला भिंतीशी ठेवायला लावले आणि तिला माझ्या डोक्यावर बसवले. बरोबर कानाच्या उंचीला आली.

माळा टळला. पण ती वर आणि मी खाली, हे मला अजून पचलेले नाही. दोघे भाऊ एकत्र बसून ऐकतात, कौतुक तिचे होते, आणि मी अंगाला बसणारे तिचे हादरे सोसत उभा असतो. हेवा गेला असे मी खोटे सांगणार नाही.

तुमच्या घरीही माझ्यासारखे कुणी असेल. नवे आणू नका असे मी म्हणत नाही, आबांचा तो चेहरा मी पाहिला आहे. माझे मागणे अगदी लहान आहे. संयोगिता रोज सकाळी फडके घेऊन येते, वरचीला अगदी हळुवार पुसते आणि निघून जाते. वरची ती सगळी धूळ माझ्या अंगावर पडते. तेवढे वरचे पुसून झाले की लगेच जाऊ नका, मित्रांनो. जरा खाली वाका.