बाबांची भोकं, लेकीचा हात

मी बोलिंगचा चेंडू बोलतोय; क्रिकेटचा नव्हे, लांब लाकडी लेनवरून घरंगळत जाऊन टोकाच्या बाटलीसारख्या पिना पाडणारा. पायावर पडलो तर बोट सुजेल, तेवढं सांभाळा. बाकी मी स्वभावाने गरीब आहे. रंग निळा, पोटात एक जड गोळा आणि अंगावर बोटं घालायला तीन भोकं.

ही भोकं बाबांच्या हाताच्या मापाची. बाबा मला मनगट न फिरवता अलगद सोडायचे. लेनला तेल लावलेलं असतं; घरंगळताना मी जिथे जिथे टेकतो तिथे त्या तेलाचं कडं माझ्या अंगावर उमटायचं, पण भोकांपासून लांब. मी मुकाट घरंगळत जायचो आणि सगळ्या पिना आडव्या करायचो.

मग बाबांचा खांदा गेला. डॉक्टरांनी जड उचलायला बंदी केली आणि मी लेकीकडे आलो. पोरगी गुणाची, पण मला सोडताना मनगट असं गर्रकन फिरवायची की तेलाचं कडं सरकत सरकत थेट अंगठ्याच्या भोकावर यायचं. प्रत्येक वळशाला भोक लेनवर आपटायचं, टक, टक. मी भरकटायचो आणि पिना जागच्या हलायच्या नाहीत.

"मनगट सरळ ठेव गं, माझ्यासारखं," बाबा मागून सांगायचे. तिने जीव तोडून प्रयत्न केला. मनगट सुजलं, टकटक काही थांबेना. सामना तोंडावर आला तशी ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाबा, मी क्लबातलाच एखादा चेंडू घेते."

माझ्या पोटात गोळा आला. एक आधीचा होताच.

शेवटी बाबांनी मला भोकं पाडणाऱ्या मावशींकडे नेलं. या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. त्यांनी तेलाचं कडं बोटाने गिरवलं. "पोरीच्या हाताला काय झालंय? धडधाकट आहे. ही भोकं तुमच्या हाताची आहेत हो. बुजवू, आणि आतल्या वजनाचा हिशेब बघून दुसरीकडे पाडू. मग कडं भोकांना चुकवून जाईल."

बाबांनी मला जवळ ओढलं. कधीमधी ते मला मांडीवर घेऊन नुसती बोटं घालून बसायचे, हे फक्त मला ठाऊक होतं. आताही त्यांनी घातली, काढली. "बुजवा," म्हणाले.

सामन्यात बाबा धास्तीने लेनकडे पाठ करून बसले. लेकीने मनगट गर्रकन फिरवलं, आपल्या तऱ्हेने. मी सुटलो. टकटक नाही, नुसती घरघर. पिना पडायच्या आधीच बाबा म्हणाले, "गेला बरोबर."

तर मंडळी, लेकरांना आपली वस्तू जरूर द्या, पण भोकं त्यांच्या हाताची पाडू द्या. मी मजेत आहे. बाबा मला रोज पुसतात आणि बुजवलेल्या तीन ठिपक्यांवर फडकं जरा रेंगाळतं. येतो मी, लेक हाक मारतेय.