हर्षदाच्या नावापुढची फुली

दोन हजार तेवीसच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस राहिले होते. त्या दुपारी शोभाबाईंनी मुलाच्या संगणकावर कोपऱ्यातल्या ढालीच्या चित्रावर टिचकी मारली आणि नावांची यादी खाली उघडली.

त्यांचा मुलगा योगराज पांडेसऱ्यातल्या एका मिलसाठी साड्यांची डिझाइनं काढायचा, बरंचसं काम उधन्याच्या घरीच बसून. चार वर्षांपूर्वी कुठल्याशा पानावरून व्हायरस शिरला आणि वर्षभराची डिझाइनं गेली. तेव्हापासून त्याने ब्राउझरच्या दारात हा ढालीवाला पहारेकरी बसवला होता. कोणतंही पान उघडलं की ते हलतं-बोलतं करणाऱ्या स्क्रिप्ट हा आधी अडवायचा आणि त्यांची नावं यादीत मांडायचा. मग एकेकीला आत सोडायचं, तात्पुरतं नाहीतर कायमचं. तात्पुरतं कसं सोडायचं ते शोभाबाई शिकल्या होत्या. ब्राउझर बंद केला की ती परवानगी संपायची. कायमचं बटण मात्र योगराजने त्यांना दाखवलं नव्हतं.

"तुझा काय भरवसा, कोणालाबी घरात घेशील," तो म्हणाला होता.

ते खरंच होतं. चाळीत होत्या तेव्हा धुळ्याहून आलेला कुठलाही नवखा माणूस पहिला तांब्याभर पाणी त्यांच्याच ओट्यावर प्यायचा. कोण कुठल्या साली आला, कोणत्या मागावर लागला, त्याच्या बायकोच्या अंगावर कुठल्या रंगाचं लुगडं होतं, सगळं त्यांच्या ध्यानात होतं. जुनं काही अडलं की गल्ली त्यांनाच विचारायची.

हर्षदाचं पान मात्र त्यांना कधी धड दिसलं नव्हतं. लेक कोसाडला राहून शिवणकाम शिकवायची, त्याचे व्हिडिओ त्या पानावर होते. शोभाबाईंना वरती नाव दिसायचं आणि खाली करडा चौकोन. हर्षदाने एकोणीस साली रेल्वेतल्या बुद्धभूषणशी लग्न केलं, तेव्हा योगराजने जातीवरून घर डोक्यावर घेतलं होतं आणि मला बहीण नाही म्हणून सांगितलं होतं. तेव्हापासून आखाजीला तो तिला आणायला गेला नाही. आणि मुऱ्हाळी, म्हणजे न्यायला आलेला भाऊ, दारात आल्याशिवाय खानदेशची लेक माहेरी पाऊल टाकत नाही. पोरीने रागाने आपल्यापुरतं सगळं बंद करून टाकलंय, असंच शोभाबाई त्या चौकोनाकडे बघून धरून चालल्या होत्या.

आज त्या पानावर पहिल्यांदाच यादी उघडली, तर त्यांना वेगळंच दिसलं. बाकीची नावं नुसतीच अडलेली होती. हर्षदाच्या पानाच्या नावापुढे लाल फुली होती. अशी फुली आपोआप पडत नाही. कोणाला तरी ती मुद्दाम मारावी लागते.

"योगराज, इकडे ये."

तो हात पुसत आला.

"बहिणीच्या तोंडावर फुली मारलीस? चार वर्षं मी त्या पोरीला दोष देत बसले."

योगराजने पडद्याकडे बघितलं, मग आईकडे.

"मी नही कयं, माय. तूच सांगेल व्हतं."

"खोटं बोलू नको."

"हे बसवलं त्या दिवशी. तुझं पोथीचं पान ठेवलं, बातम्यांचं ठेवलं. हर्षदाचं आलं तेव्हा मी विचारलं, हे ठेवू का. तू ताटात तांदूळ निवडत होतीस. वर न बघता म्हणालीस, नको, पुन्हा विचारूसुद्धा नको." तो थांबला. "मी पुन्हा विचारलं नाही."

आतून उज्ज्वला, त्याची बायको, म्हणाली, "सासूबाईंना सगळ्या गावाचं आठवतं. आपलं तेवढं विसरतं."

शोभाबाई मनात तो दिवस शोधत राहिल्या. ताट आठवलं, तांदळातले खडे आठवले. आपला आवाज काही केल्या आठवेना. मग त्यांनी फुली काढून तात्पुरती परवानगी दिली. पान हललं, यादीत आणखी एक नाव आलं, त्यालाही दिली. करड्या चौकोनात हर्षदा उभी राहिली, कानाजवळ पांढरे केस, हातात ब्लाउजची बाही.

"ही बाही मला माझ्या आईने शिकवली," ती म्हणत होती.

पुढचा व्हिडिओ लावला. तिथेही तेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शोभाबाईंनी नवं लुगडं काढलं.

"म्हाताऱ्या बायका कधीपासून मुऱ्हाळी जायला लागल्या?" उज्ज्वलाने विचारलं.

योगराज डिझाइनमधल्या फुलाला रंग भरत राहिला.

कोसाडला हर्षदाने दार उघडलं, पण ती दारातच उभी राहिली.

"मुऱ्हाळी कोण आलंय?"

"मीच."

"आई मुऱ्हाळी नसते."

"पोरी, फुली माझी होती. योगराजची नव्हती."

हर्षदाला फुलीचं काही माहीत नव्हतं. शोभाबाईंनी सगळं सांगितलं, उभ्यानेच, तांदळाच्या ताटासकट. हर्षदाने आतून पाण्याचा तांब्या आणला.

"पाणी पी," ती म्हणाली. "पण यायची नाही मी. भाऊ येईल तेव्हा बघू."

त्या आखाजीला ती आली नाही, पुढच्यालाही नाही. तिचा वर्ग वाढला, आता दोन खोल्यांत भरतो. बुद्धभूषण शोभाबाईंना स्टेशनवर सोडायला येतो आणि गाडी हलेपर्यंत थांबतो. उज्ज्वला अजून टोमणे मारते, पण सासू कोसाडला निघाली की सांजोऱ्यांचा डबा न मागता हातात देते. रोज सकाळी शोभाबाई ढालीवर टिचकी मारून लेकीला दिवसापुरती आत घेत राहिल्या.

पंचवीस साली योगराजने नवा संगणक आणला आणि जुनी यादी त्याच्यावर उतरवली. दुसऱ्या सकाळी शोभाबाईंनी पान उघडलं, तर काही न दाबताच हर्षदा समोर आली. त्यांनी यादी उघडून बघितली. तिच्या नावापुढे 'कायम' होतं.

कायमचं बटण त्यांना अजूनही ठाऊक नव्हतं. उज्ज्वला त्या संगणकाला हात लावत नाही.

बाहेर योगराज पायरीवर बसून चपला पुसत होता, शेजारी सांजोऱ्यांचा डबा होता. आखाजी दोन दिवसांवर आली होती. शोभाबाईंनी त्याला काही विचारलं नाही.