आठवा थर

वेलदोड्याचा दाणा दाढेत अडकलाय... नंबर दोनच्या ताटलीतला. धड कुटायलासुद्धा होत नाही यांना. थोराने तो जिभेने ढकलून पाहिला आणि गुणांच्या कागदावर दोनपुढे शून्य मांडलं — वर आइसिंग होतं, जाड, भिंतीला गिलावा द्यावा तसं. विनार्तेर्तावर, आमच्या थरांच्या केकवर, आइसिंग! सात पातळ थर, मधे आलुबुखाराचं घोटलेलं सारण, वेलदोडा, बस्स. आइसलँडहून कॅनडात या सरोवराकाठी उतरलेल्यांनी पहिल्या हिवाळ्यात पोरं पुरली, पण सात थरांचे सहा केले नाहीत, असं अम्मा सांगायची. अम्मा म्हणजे बापाची आई. आणि अम्मा म्हणेल तेच खरं.

स्पर्धेचा हॉल भरला होता. एरवी वर्षभर गोठवलेला पिझ्झा खाणारी ही माणसं ऑगस्टच्या जत्रेचे तीन दिवस आइसलँडची होतात, व्हायकिंग म्हणून डोक्यावर प्लॅस्टिकची शिंगं चढवतात — आमच्या कुठल्या पूर्वजाला मेली शिंगं होती? पणजोबांचं गाव विचारा, की ततपप. आणि तरी चौदा वर्षं हीच माणसं माझ्यापुढे ताटल्या मांडून उभी राहतात. थोराने मान हलवली म्हणजे आपण खऱ्या घरातले. मी कुठे मागितलं होतं? पण नको होतं असंही नाही.

नंबर चार. ताटलीवर नाव नसलं तरी कुणाची ते तिला कळलंच. मारिविक, तिची सून. जन्म मनिलाचा, विनिपेगला नर्स, आता सातवा महिना. वसंतात तीनदा कृती मागायला आली होती. बाळाला आपलं काहीतरी यायला नको का, म्हणाली. आपलं! थोराने सांगितलं होतं, ते कागदावर नसतं गं, हातात असतं. कृतीचा कागद तेव्हा थोराच्याच खणात होता.

तिने घास तोंडात ठेवला. सारण मंद शिजवलेलं, कुठे करपट नाही, वेलदोडा अगदी... नाही. आधी थर. सुरीच्या टोकाने तिने ते मोजले, पुन्हा मोजले, आणि बरंच वाटलं तिला — खोटं कशाला बोला.

“आठ,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “केक केलाय की माडी चढवलीय?”

शिंगंवाले हसले. कॉफीच्या टाकीपाशी उभी असलेली मारिविकही हसली, पोटावर हात ठेवून, खाली बघत.

“पुढच्या वर्षी जमेल, आई.”

हे — हे वाक्य... अम्माच्या स्वयंपाकघरात, नाताळात, माझी आई असंच म्हणायची. युक्रेनियन शेतकऱ्याची मुलगी, आमच्या घरात दिलेली. अम्मा सुरीच्या टोकाने थर मोजायची, माडी चढवलीय का विचारायची, आणि आई ओल्या हाताने केस मागे सारत म्हणायची, पुढच्या वर्षी जमेल. बावीस नाताळ. मी नऊ वर्षांची, स्टुलावर बसून खदाखदा हसायची, कारण हसलं की अम्मा कडेचा तुकडा द्यायची. आईच्या माहेरी नाताळात काय करत, कधी विचारलंच नाही. तिनेही कधी केलं नाही. आई मेली आणि मी खणात जपून ठेवला तो अम्माचा कागद.

घास अजून तोंडातच होता. चांगला होता. पहिल्याच चवीला कळलं होतं.

कागदावर चारपुढची जागा रिकामी. लोक वाट बघतायत... बघू देत. तिथे मारिविक कुणाला तरी कॉफी ओतून देत होती, जणू काही झालंच नाही. ही येणार. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, कडेवर पोर घेऊन येणार, आणि ते पोर बघणार. येऊ नकोस गं, तिला वाटलं. या टेबलापुढे कुणी येऊच नये, असं चौदा वर्षांत पहिल्यांदा वाटलं, आणि तोंड उघडून ते सांगावं, तर तिथे घास होता.