लाल पाण्याची कबुली

पोलीस चौकीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. वखारवाल्याच्या घरातून सोन्याची साखळी चोरीला गेली होती आणि चोर ओळखायला फौजदाराने एका चमत्कारी महाराजांना बोलावलं होतं. गर्दीत कोर्टातला कारकूनही होता. समोर परातीत पिवळं पाणी.

"हे सत्याचं पाणी," महाराज डोळे मिटून म्हणाले. "निर्दोष हाताला ते काही करत नाही, पापी हाताला सोडत नाही. ज्याच्या पोटात पाप असेल त्याने आत्ताच निघून जावं."

फाटकात शिपाई उभा होता, त्यामुळे कोणीच निघून गेलं नाही.

वखारवाल्याचा स्वयंपाकी, माळी, गाडीवान यांनी महाराजांनी दिलेलं पांढरं भस्म हाताला चोळून हात बुडवले. पाणी पिवळंच राहिलं. मग फौजदाराने त्याच घरच्या धुणंवालीच्या खांद्यावर हात ठेवून तिला पुढे केलं. तिने हात घातला आणि पाणी रक्तासारखं लाल झालं. "मग मीच घेतली असेन," ती म्हणाली. कारकुनाने इतरांबरोबर हात जोडले.

दुसऱ्या दिवशी तिला गोऱ्या मॅजिस्ट्रेटसमोर आणलं. चौकीतली कबुली कोर्टात चालत नसे. पोलिसांना बाहेर काढून, आरोपीला नीट समज देऊन ती मॅजिस्ट्रेटने पुन्हा घ्यायची, असा कायदा होता. साहेबाचे प्रश्न कारकुनाने आरोपीच्या भाषेत विचारायचे. पण साहेबाला घाई असे, फौजदार दारातच उभा असे, आणि कारकून न विचारताच लिहून टाकी, 'कोणी धाक दाखवला नाही. स्वखुषीने सांगतो.' अकरा वर्षं नोकरी अशी सुरळीत चालली होती.

"चोरी केलीस?" कारकुनाने विचारलं.

"केली असणार, दादा."

त्याची लेखणी थांबली. "असणार म्हणजे?"

"मला काही आठवत नाही. पण पाण्याने सांगितलं ना."

"साखळी कुठे आहे?"

"तेही आठवत नाही." ती खरोखर आठवायचा प्रयत्न करत होती.

तो उठून दाराशी गेला. "फौजदारसाहेब, जरा बाहेर थांबा."

"आज काय नवीन?"

"नवीन काही नाही. कायदा जुनाच आहे."

साहेबाने मान वर करून पाहिलं आणि हाताने फौजदाराला जायची खूण केली. दार लागल्यावर कारकून तिच्यासमोर बसला. "बाई, काल काय झालं ते पहिल्यापासून सांग."

"भस्म चोळलं. बोटं सुळसुळीत झाली, धुण्याचा सोडा लागल्यासारखी."

"सगळ्यांना तेच भस्म?"

"नाही. माझ्या वेळी महाराजांनी झोळीतून दुसरी डबी काढली." ती स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. "दादा, त्या पाण्याला हळदीचा वास होता. हळदीच्या डागाला सोडा लागला की डाग लाल होतो. कपडे धुण्यात माझा जन्म गेला, आणि काल भीतीपोटी मला हे सुचलं नाही."

आरोपीला साक्षीदाराची उलटतपासणी करायचा हक्क असतो. सुनावणीत तो हक्क कारकुनाने तिला समजावून सांगितला. साहेबाच्या हुकमाने महाराज दोन्ही डब्यांसह हजर झाले. तिने एकच मागणं केलं, "ती दुसरी डबी कोणाच्याही हाताला लावून दाखवा."

महाराजांना एकदम आपलं मौनव्रत आठवलं. शेवटी साहेबाने स्वतःच दुसऱ्या डबीतलं चिमूटभर भस्म हाताला चोळलं आणि हात हळदीच्या पाण्यात बुडवला. पाणी लालभडक झालं. साहेबाने साखळी चोरली असं कोर्टात कोणीही म्हणालं नाही. एका डबीत तांदळाची पिठी निघाली, दुसरीत कुटलेला सोडा. फौजदार ज्याच्या खांद्यावर हात ठेवी, त्याच्यासाठी दुसरी.

धुणंवाली सुटली. कारकुनाने जुनी दप्तरं उघडली. लाल पाण्याचे आणखी तीन खटले सापडले, तिन्ही कबुल्या त्याच्याच अक्षरात. ते कागद साहेबापुढे ठेवून तो म्हणाला, "यांना मी विचारलंच नव्हतं."

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे."

आणि ती गेली. दोघे सुटले. तिसरी, एक म्हातारी दाई, तुरुंगातच वारली होती.

कोर्टाबाहेर लोकांनी त्याला गाठलं. "म्हणजे महाराजांचं पाणी खोटं?"

"पाणी खरंच लाल झालं," तो म्हणाला. "ते का झालं, हे आपण कोणी विचारलं नाही. मीसुद्धा हातच जोडले. यापुढे हात जोडायच्या आधी डबी उघडून बघा. आणि कोणी गुन्हा कबूल केला, तरी तो का कबूल करतोय ते विचारा."

आई निर्दोष होती, हे दाईच्या मुलीला सांगायला तो स्वतः गेला. ऐकून तिने दार लावून घेतलं.