विभाच्या कोंबड्या आणि आप्पांचा काकबळी

कोल्हा काकडीला राजी, असं आपल्याकडे म्हणतात. ज्यानं कुणी हे म्हटलं त्यानं क्योतोच्या उत्तरेचा कोल्हा पाहिलेला नव्हता. विभाच्या परसात काकड्यांचा मांडव लगडला होता, पण या पठ्ठ्यानं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यानं थेट खुराडं गाठलं आणि तिची सगळ्यात गुणी तांबडी कोंबडी उचलून नेली.

विभा पुण्याची. नवरा उल्हास क्योतोच्या विद्यापीठात संशोधक. शहरातल्या डबीएवढ्या खोलीला कंटाळून दोघं डोंगरापलीकडच्या एका खेड्यात, जुन्या लाकडी घरात राहायला आली होती. उल्हास सकाळच्या बसनं जायचा तो अंधार पडल्यावरच यायचा. पुण्यात विभा बँकेत अधिकारी होती. इथे ती नुसती उल्हास-सानची, म्हणजे उल्हासरावांची, बायको. मग तिनं कोंबड्या पाळल्या. अंडी घेऊन घरोघर गेली, मोडकंतोडकं जपानी बोलली, आणि हळूहळू गाव तिला विभा-सान म्हणायला लागलं. या परक्या देशात स्वतःच्या हिमतीवर उभी केलेली तिची ही पहिली गोष्ट होती. म्हणून तांबडी गेली तेव्हा ती रडली नाही, भडकली.

आणखी दोन कोंबड्या गेल्यावर गावच्या मंडळाचे प्रमुख निशिमुरा-सान आले. दारातच कमरेत वाकले.

"फार वाईट झालं. पण कोंबड्या असल्या की कोल्हा गावात शिरतो. आम्ही सगळ्यांनी केव्हाच सोडून दिल्या. नव्या वर्षापर्यंत तुम्हीही जरा विचार करावा."

इथे 'विचार करावा' म्हणजे 'काढून टाका' असंच समजायचं, हे एव्हाना विभाला कळत होतं. तिनंही वाकून नमस्कार केला आणि दार लावल्यावर दातओठ खाल्ले.

"अगं, मग जाळी डबल लाव ना," उल्हास म्हणाला.

"लावली. खालून उकरतो. दगड पुरले, तर वरून येतो. मी त्याला पकडणार आहे."

"पकडणार म्हणजे? हंटिंग? आर यू सिरियस? आपल्या घरात अंड्यापलीकडे कधी काही आलं नाही!"

"मी त्याला खाणार नाहीये, उल्हास."

जपानात साधा पिंजरा लावायचा तरी परवाना लागतो, आणि परवान्याला परीक्षा. गावात एकच शिकारी उरली होती, ओकुमुरा-सान. पोस्टातून निवृत्त झालेली, सत्तरी ओलांडलेली, काठीसारखी ताठ बाई. तिनं विभाला शिष्या म्हणून घेतलं. भाज्या चिरता चिरता विभा प्राण्यांची चित्रं पाठ करू लागली. कोल्हा पकडलेला चालतो, माकड पकडलेलं चालत नाही. कुठला सापळा कायद्यात बसतो, कुठला नाही. ऑगस्टात, हॉलभर जपानी पुरुषांमध्ये बसून तिनं परीक्षा दिली आणि पहिल्या फटक्यात पास झाली. परवान्याचा फोटो तिनं उल्हासला पाठवला, तेव्हा ऐन मीटिंगमध्ये त्याला ठसका लागला.

सप्टेंबरात तिचे सासरे आले. मोरेश्वर आप्पा, निवृत्त संस्कृत शिक्षक. सूनबाई शिकारी झाली हे ऐकून त्यांनी कानांवर हात ठेवले. त्यात गावाच्या वेशीवर इनारी या भाताच्या देवाचं छोटं देऊळ, आणि दारात लाल फडकी बांधलेले दोन दगडी कोल्हे.

"विभा, हे तर देवाचं वाहन आहे इथलं! आणि तू त्याच्या जिवावर उठली आहेस?"

विभानं हे ओकुमुरा-सानला सांगितलं. ती खो खो हसली. "दगडाचे दोन देवाचे. ते शेतातले उंदीर खाऊन भात राखणारे. कोंबडीची चव लागलेला मात्र आपला."

आप्पा वागायला साधे, पण नेमाचे पक्के. रोज जेवायला बसण्याआधी ते परसातल्या सपाट धोंड्यावर काकबळी ठेवायचे. तूप घातलेला वरणभात, आणि पितृपक्षात वर उडदाचा वडा. कावळा लगेच आला नाही तरी हे आपले जेवायला निघून यायचे. दुसऱ्या दिवशी धोंडा कसा लख्ख. आप्पा खूश.

"पुण्यात कावळ्याची तासन् तास मनधरणी करावी लागते. इथे बघ! पितर तृप्त आहेत."

पितृपक्ष संपला तरी त्यांनी वडा काही बंद केला नाही. वडे विभालाच तळावे लागत, पण म्हाताऱ्या माणसाचा आनंद म्हणून ती तळायची. कोंबड्या मात्र आता पूर्वीपेक्षा भराभर जाऊ लागल्या. नोव्हेंबरात शिकारीचा हंगाम उघडला तोवर तीनच उरल्या होत्या.

विभानं पिंजरा लावला. त्यावर आपल्या नावाची पाटी बांधली, नियमच आहे तसा. आत आमिष म्हणून दुकानातलं तळलेलं चिकन ठेवलं. नाक धरून, चिमट्यानं. सकाळी पाहावं तर चिकन जागच्या जागी. मासे ठेवले, तेही तसेच. ओकुमुरा-सान म्हणाली, "भटकं मांजर शिरेल, रॅकून शिरेल. कोल्हा पिंजऱ्यात शिरत नाही. फार शहाणा असतो. पण एक सांग, उपाशी असताना कोण एवढं नाक मुरडतं? याचं पोट कुठेतरी भरतंय."

मग तिनं आपला झाडाला बांधायचा कॅमेरा विभाला दिला.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला विभा, उल्हास आणि आप्पा लॅपटॉपसमोर बसले. पडद्यावर संध्याकाळचा परस. धोंड्यावर वरणभात आणि वडा. कावळ्याचा पत्ता नाही. मग डाव्या बाजूनं एक सडसडीत कोल्हा आला, सवयीच्या खानावळीत यावं तसा. त्यानं आधी वडा खाल्ला. मग भात चाटूनपुसून संपवला. तोंड पुसलं. आणि सावकाश, अगदी निवांत, खुराड्याकडे वळला.

उल्हासनं हसू दाबण्यासाठी चहाचा कप तोंडाला लावला. आप्पांचा चेहरा इतका उतरला की विभाचा राग जागच्या जागी विरला. सगळ्या पितरांच्या नावानं वाढलेलं पान एका कोल्ह्यानं खाल्लं होतं, आणि वर सुनेच्या कोंबड्याही. तिला त्यांची मनापासून कीव आली.

"आप्पा, तुम्हाला तरी काय माहीत होतं..."

"गप्प बस," आप्पा म्हणाले. मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "पहिल्यांदा वडा खाल्ला त्यानं. पाहिलंस? तुझ्या चिकनला तोंड लावलं नाही, आणि वडा पहिला. मग पिंजऱ्यात वडाच ठेव की!"

धोंड्यावरचं पान त्या दिवशी बंद झालं. कावळ्यांसाठी आप्पा भर दुपारी स्वतः उभे राहून घास टाकू लागले आणि उरलेला उचलून आणू लागले. पिंजऱ्याचं दार ओकुमुरा-साननं उघडं बांधून ठेवायला लावलं. पहिल्यांदा वडा पिंजऱ्याच्या बाहेर, मग उंबऱ्यावर, मग आत. कोल्हा रोज यायचा, रोज थोडा आत जायचा. विभा रोज तळायची. जीव मुठीत धरून बसलेल्या त्या तीन कोंबड्यांना तिनं न्हाणीघरात ठेवलं होतं. उल्हास बिचारा त्यांच्या साक्षीनं आंघोळ करायचा.

मग तिनं दाराची दोरी सोडली.

सकाळी धुकं होतं. विभा परसात गेली आणि पिंजऱ्यापाशी थबकली. आत तो होता. पिवळे डोळे तिच्यावर रोखून, अंग चोरून उभा. तिला वाटलं होतं आपण ओरडू, नाचू. पण ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. किती देखणं जनावर! तिनं ओकुमुरा-सानला फोन केला.

ओकुमुरा-सान विजेच्या झटक्यानं जनावर मारायची लांब काठी घेऊन आली. "मी करते. तू आत जा."

"नाही," विभा म्हणाली. "पाटीवर माझं नाव आहे."

एका क्षणात झालं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण काठी हलली नाही. पश्चात्ताप नव्हता. वाईट वाटत होतं, आणि त्याच्याखाली असा विलक्षण आनंद होता की तो तिला स्वतःलाच नवा होता. आपण हे करू शकतो. इथे, या मातीत, आपण आपलं राखू शकतो.

दारात आप्पा मफलर गुंडाळून उभे होते. "आधी न्हाऊन घे," ते म्हणाले. "पाणी काढून ठेवलंय. कोंबड्या मी बाहेर आणतो."

त्यांनी जन्मात कोंबडीला हात लावला नव्हता.

बातमी गावभर झाली. नव्या वर्षाच्या आदल्या आठवड्यात निशिमुरा-सान पुन्हा दारात. पुन्हा कमरेत वाकले, पण या वेळी मान वर यायला जरा वेळ लागला.

"विभा-सान, आमची बायको म्हणते, वसंतात आम्हाला दोन पिलं मिळतील का? तिच्या माहेरी कोंबड्या असायच्या. आणि... आमच्या बाजूलाही एक कोल्हा दिसतो. तुमचा पिंजरा आमच्याकडे लावाल?"

विभाला खूप काही बोलता आलं असतं. ती ताठ उभी राहिली, आणि निशिमुरा-साननी वापरला होता तोच गोड, अदबशीर सूर लावून म्हणाली, "लावीन की. पण तुमच्याकडे उरलंसुरलं अन्न मागच्या बागेत टाकतात, ते आजपासून बंद. जरा विचार करावा."

"हाय!" निशिमुरा-सान जपानीत 'हो' म्हणाले, आणि घरी जाऊन आधी तेवढंच केलं.