तीनशे बारा क

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नवे साहेब आले ते तीन दिवसांचं संगणक-प्रशिक्षण घेऊन, आणि त्या तीन दिवसांचा तोरा त्यांनी पुढे वर्षभर मिरवला. नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंची सोळा वर्षं बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचण्यात गेली होती. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी त्यांच्या डेटाबेसच्या रकान्यांना इनपुट मास्क लावले. मास्क म्हणजे साचा. फोनच्या रकान्यात दहा आकडे पडल्याशिवाय पुढे जाता येईना, तारखेतल्या रेघा आपोआप उमटू लागल्या, आणि पाण्याच्या ठिकाणाचा क्रमांक म्हणजे चार आकडे, ना एक कमी, ना एक जास्त. आता चूक करायची म्हटली तरी होणार नाही, असं साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं.

झालं इतकंच की ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांच्या रकान्यात सगळे जण दहादा नऊ दाबू लागले. साचा खूश, साहेब खूश. कागदोपत्री निम्मी वस्ती एकाच फोनवर बोलत होती.

खरी पंचाईत झाली ती तीनशे बारा क्रमांकाची. त्या क्रमांकाची एक जुनी विहीर होती आणि तिच्या शेजारी, शाळेच्या आवारात, हातपंप होता. पंपाला सगळे ‘तीनशे बारा क’ म्हणत. विहीर आकड्याआधी शून्य लावून साच्यात बसली. ‘क’ काही केल्या बसेना. बाईंनी जाऊन विचारलं, तर साहेबांनी मानही वर केली नाही. आकड्यांना शेपट्या लावायची लोकांची सवयच बेशिस्त आहे, शेपटीच्या जागी शून्य टाका, म्हणाले.

‘‘पण साहेब, एकतीसशे वीस हा दुसऱ्याच कुणाचा क्रमांक असेल.’’

‘‘साच्यात बसतो ना? मग बरोबर आहे.’’

बाईंनी मनात बोटं मोडत तो आकडा टाकला.

तीन आठवड्यांनी एक म्हातारा काठी टेकत टेबलापाशी आला. डोंगरापलीकडच्या त्यांच्या वस्तीची विहीर दूषित म्हणून सील केली होती. सुना-लेकी मैलभर लांबून पाणी आणत होत्या. ‘‘पोरी, आम्ही वर्षभरात बाटली दिलीच नाही,’’ तो म्हणाला, ‘‘मग तपासलंत काय?’’

बाईंनी त्याला खुर्ची दिली आणि विहिरीचा क्रमांक विचारला. एकतीसशे वीस. बाईंनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा उपसला. दूषित बाटलीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, तीनशे बारा क.

साहेबांकडे बाई गेल्याच नाहीत. आधी शाळेत फोन लावला. मुख्याध्यापिका म्हणाल्या की पंधरा दिवसांत अकरा मुलं जुलाबांनी आजारी पडली, दोघं दवाखान्यात आहेत, आणि पंप अजून चालूच आहे. तो त्याच घटकेला बंद झाला. मग बाईंनी साचा उघडला. साच्याच्या भाषेत शून्य म्हणजे तिथे आकडा हवाच, नऊ म्हणजे असला तर असला, एवढं त्या पुस्तक चाळून शिकल्या होत्या. चार शून्यांच्या जागी चार नऊ घातले, आणि शेवटी एक प्रश्नचिन्ह: वाटलं तर अक्षर टाका. साहेबांच्या पांडित्यावर एवढाच इलाज पुरला. कामाला पाच मिनिटं लागली.

साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी मुलांची चौकशी केली नाही. परवानगीशिवाय साच्याला हात का लावला, एवढंच विचारलं. वर सगळं खापर बाईंवर फोडून अहवाल पाठवला: नोंदणी करणाऱ्याचा निष्काळजीपणा. बाईंनी उत्तरात बाटलीवरची चिठ्ठी जोडली आणि साहेबांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं.

दोन्ही मुलं घरी परतली. म्हाताऱ्याच्या विहिरीचं सील निघालं. बाईंची एक पगारवाढ मात्र अडली, आणि साहेब मुख्यालयात गेले, सगळ्या प्रयोगशाळांना साचे शिकवायला. निरोपाच्या चहाला बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या उभ्या राहिल्या.

‘‘साहेब इथे होते तोवर एकही रकाना रिकामा राहिला नाही,’’ त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

साहेबांनी मान लववून आभार मानले.