तारेत उतरलेली भावजय

भावाच्या शेडसमोर माणसं टाचा उंचावून उभी होती. आत तारबाबा विजेच्या भट्टीपाशी बसले होते. त्यांनी बटण बंद केलं आणि टोकाला लोहचुंबक बांधलेली सळई आत घातली. लालभडक तारेवरून चुंबक नुसतं घासून गेलं. सगळे श्वास रोखून थांबले. तार काळी पडली, आणि आता तेच चुंबक तिला टपकन चिकटलं. भराभर हात जोडले गेले.

"वहिनी आल्या," बाबा डोळे मिटून म्हणाले. "तापल्या की वर जाऊन येतात, निवल्या की हात धरतात."

वर जायची-यायची ही सोय त्यांनी कुठून लावली होती, देव जाणे.

माझा धाकटा भाऊ सुतारांसाठी पटाश्या बनवतो. पोलादाला पाणी द्यायला, म्हणजे तापवून बुडवून कडक करायला, ही भट्टी त्याने घरीच विटा रचून केली. तिची तार गुंडाळायची ती भावजय, अगदी एकसारखे वेढे. ती वारली आणि याने गुंडाळलेली तार सारखी जळायला लागली. वेढे एकमेकांना टेकले की तार तिथे जास्त तापते आणि तुटते, एवढंच कारण. पण बाबांचं निदान निघालं की वहिनी रुसल्यात. त्यांनी आपली 'सिद्ध' तार बसवली. ती टिकली, वर चुंबकालाही ओढू लागली. जुन्या तारेने कधी चुंबक ओढलं नव्हतं, हे भावाला पक्कं माहीत. झालं, गडी खुळावला. काम बंद, जेवणावरची वासना गेली. दिवसभर तार तापवायची, निववायची आणि तिच्याशी बोलत बसायचं. आता बाबांना गादी मांडायला शेड हवी होती, आणि हा ती लिहून द्यायला निघाला होता.

मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, तोंडाने फटकळ. सरळ आत शिरले आणि त्याचीच एक पटाशी भट्टीत ठेवून बटण चालू केलं. वहिनींना त्रास होईल, असं बाबा म्हणाले. म्हटलं, माझी भावजय आहे, माझं चालवून घेईल.

पटाशी लाल झाली तशी चिमट्याने बाहेर काढली आणि भावाला चुंबक लावायला सांगितलं. चिकटलं नाही. निवल्यावर चिकटलं.

"मग आता हिच्यात कोण शिरलं होतं?" मी विचारलं.

भावाने पटाशी उलटसुलट करून पाहिली. जन्मभर तो पोलादाची आंच अशीच पारखत आलाय. चुंबक चिकटेनासं झालं की पाणी द्यायचं. मी बाहेरच्यांनाही समजावलं. लोखंड खूप तापलं की चुंबकाला ओढत नाही, निवलं की पुन्हा ओढतं. जुनी तार निकेल-क्रोमियमची, तिला चुंबक मुळात चिकटतच नाही. बाबांची तार लोखंड, क्रोमियम आणि अॅल्युमिनियमची. ती जास्त आंच सोसते, म्हणून अशा भट्टीला तीच निवडावी. दुकानात कुणालाही मिळते. बाबांनी तार बदलली आणि वेढे नीट घातले, बाकी सगळी बडबड.

बाबांना एकाएकी दुसरीकडचं बोलावणं आठवलं. गर्दी पांगली. आम्हाला आधीपासूनच शंका होती, असंही जाता जाता दोघांतिघांनी ऐकवलं.

भाऊ भट्टीकडे बघत राहिला.

"पोलादाचं मला ठाऊक होतं गं, ताई," तो म्हणाला. "पण तार निवेपर्यंत कुणाची तरी वाट बघता यायची."

मी त्याच्या शेजारी बसले.

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, हेच दुसऱ्या कशात घडतं का? करून बघा. आणि ज्याच्या हातून खोटा आधार काढून घ्याल, त्याला तिथेच सोडून घरी जाऊ नका. मी गेले नाही. आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत तिच्याबद्दल बोलत बसलो.